बीदरच्या गादीवर बसले आहे कोण?

बीदरच्या किल्ल्यात कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणता सुलतान गादीवर होता, याचा हिशेब इतिहासाच्या दप्तरात बऱ्याच चोखपणे नोंदलेला आहे. परंतु त्याच गादीसंबंधी मराठी आणि दखनी वाङ्मयाने जो हिशेब ठेवला आहे तो सर्वस्वी निराळा आहे, आणि चित्रपटांसाठी व संगणकावरच्या खेळांसाठी जुन्या अद्भुत कथा धुंडाळत फिरणाऱ्या मंडळींनी तो एकदा तरी नजरेखालून घालावा, अशा योग्यतेचा आहे. या वाङ्मयाला राजाच्या स्वाऱ्या, खजिने, विजय यांत फारसे स्वारस्य नाही. राजाच्या देहात या घटकेला वस्ती कोणाची आहे, आणि दरबारात येऊन मुजरा करणारा मनुष्य खरोखर तोच आहे की त्याच्या रूपाने दुसराच कोणी आला आहे, या एका प्रश्नाभोवती ते पुनःपुन्हा घिरट्या घालते. गुरुचरित्रातला बीदरचा राजा हा पूर्वजन्मीचा परीट आहे. महिपतीच्या भक्तविजयात बीदरच्या दरबारी विठू महाराच्या वेषाने प्रत्यक्ष पंढरीचा विठ्ठल येतो. आणि बहामनी अमलात बीदरमध्ये रचल्या गेलेल्या कदमराव-पदमराव या दखनी काव्यात तर राजाचा देह एक जोगी बळकावून बसतो आणि खरा राजा पोपट होऊन रानोमाळ हिंडतो.

या तिन्ही कथांना एका ओळीत बसवताना थोडा संकोच होतो, हे येथेच सांगून टाकलेले बरे. गाणगापूरच्या संगमावर स्नान करून गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने ती काही कल्पित गोष्ट नव्हे, आणि दामाजीपंतांची कथा कीर्तनात ऐकून डोळे पुसणाऱ्या माणसापुढे तिला अद्भुतकथा म्हणणे हे औचित्याला सोडून आहे. तथापि आपल्या साहित्यशास्त्राने अद्भुताला नवरसांत मानाचे स्थान दिले आहे, आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव मानला आहे. त्या अर्थाने अद्भुत हा शब्द योजला तर श्रद्धेला धक्का लागण्याचे कारण नाही. श्रद्धेचा प्रश्न खरोखर उपस्थित होतो तो पुढे, जेव्हा ही कथा पडद्यावर किंवा खेळात जाते तेव्हा. त्याचा विचार यथाक्रम येईलच.

प्रथम त्या दखनी काव्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते बीदरचे असूनही मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे. फख्रुद्दीन निजामी नावाच्या कवीने रचलेली ही मसनवी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, म्हणजे राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवणाऱ्या अहमदशहा वली बहामनीच्या काळातली, असे सामान्यतः मानले जाते, आणि दखनी भाषेतले आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने दीर्घ काव्य म्हणून अभ्यासकांत त्याचा लौकिक आहे. त्याचे एकच हस्तलिखित ज्ञात आहे, तेही काही पाने गहाळ झालेले. फाळणीनंतर ते कराचीच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूच्या संग्रहात राहिले, आणि जमील जालिबी यांनी ते संपादून १९७३ साली प्रसिद्ध केले. काव्याची भाषा फारसी शब्दांनी लादलेली नाही. देशी आणि संस्कृतोद्भव शब्दांचा तीत एवढा भरणा आहे की लिपीचा अडसर दूर केला तर भालकी-औरादच्या माणसाला तीत आपल्या बोलीच्या ओळखीच्या खुणा जागोजाग सापडाव्यात.

कथा अशी. कदमराव हा राजा, आणि पदमराव हा त्याचा वजीर. पण हा वजीर मनुष्य नव्हे, नाग आहे. त्यांची मैत्री जडली तीही वैरातून. एका नागिणीला परक्या सापाशी रममाण झालेली पाहून कदमरावाने सापाला ठार केले, आणि शेपटीवर घाव बसलेली नागीण निसटून नवऱ्याकडे उलटीच कागाळी घेऊन गेली. सूड उगवण्यासाठी महालात शिरून दबा धरून बसलेल्या पदमरावाने राजाला राणीपाशी खरा प्रकार सांगताना ऐकले, त्याचा रोष ओसरला, आणि दंश करायला आलेला नाग राजाचा सल्लागार होऊन राहिला. पुढे राजाला जोग्यांच्या विद्येची ओढ लागते आणि अखरनाथ नावाचा जोगी दरबारात येतो. तो राजाला नाना चमत्कार दाखवतो, आणि शेवटी आपला प्राण दुसऱ्याच्या मृत देहात घालण्याची विद्या शिकवतो. विद्या शिकलेल्या माणसाला ती करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. राजा मेलेल्या पोपटाच्या देहात शिरतो, त्याचा स्वतःचा देह रिकामा पडतो, आणि त्याच क्षणाची वाट पाहत असलेला अखरनाथ त्या रिकाम्या देहात प्रवेश करून सिंहासनावर जाऊन बसतो. राज्यकारभार चालू राहतो, मुजरे झडत राहतात, राणीवशालाही काही उमगत नाही. आणि खरा राजा पंख फडफडवत, जिवाच्या भीतीने झाडाझाडांवरून हिंडत, अखेर पदमरावाला गाठतो व आपली ओळख पटवतो. नाग जाऊन त्या तोतयाला दंश करतो, आणि कदमराव पुन्हा आपल्या देहात येतो.

परकायाप्रवेशाची ही कल्पना काही निजामीच्या पदरची नव्हे. पैठणच्या सातवाहन राजाशी ज्याचे नाव परंपरेने जोडलेले आहे त्या गुणाढ्याच्या बृहत्कथेवर आधारलेला सोमदेवाचा कथासरित्सागर उघडला की आरंभीच्याच भागात इंद्रदत्त नावाचा ब्राह्मण मेलेल्या नंद राजाच्या देहात शिरलेला आढळतो. आणि तेथला शकटाल मंत्री एवढा धूर्त की, गतप्राण झालेला राजा एकाएकी उठून बसतो यात काहीतरी गोम आहे हे ओळखून तो राज्यातली यच्चयावत प्रेते जाळून टाकण्याचा हुकूम सोडतो, आणि इंद्रदत्ताचा परतीचा मार्गच बंद करतो. आपल्या घरोघरी श्रावणात वाचल्या जाणाऱ्या नवनाथ भक्तिसारात, जो धुंडिसुत मालूने १८१९ साली पूर्ण केला, मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात जाऊन राहतात. इकडे महिपतीने ज्या १७६२ साली भक्तविजय सिद्ध केला, त्याच साली तिकडे व्हेनिसमध्ये कार्लो गोझ्झी या नाटककाराने हरिण झालेल्या राजाचे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातही राजा हरणाच्या देहात शिरतो आणि कपटी प्रधान राजाच्या देहात. म्हणजे गोष्ट तीच, फक्त बीदरच्या कवीने प्रधानाला विश्वासू केले आणि कपट बाहेरून आलेल्या जोग्याच्या पदरी टाकले. आणि विश्वासू प्रधान माणूस नसून साप आहे हे दाखवून आपल्या श्रोत्यांना थोडे बिचकवलेही. माझ्या मते हा फेरफार साधा नाही. दरबारातली सर्व माणसे देह पाहून फसतात. देहाच्या पलीकडचे ओळखतो तो एक सरपटणारा प्राणी.

आता ही कथा चित्रपटात न्यावयाची म्हटली तर पहिली अडचण उभी राहते ती नटाची. कवीला काय, त्याने एका ओळीत सांगितले की राजाच्या देहात जोगी शिरला, आणि श्रोत्याने ते मानले. त्यापुढे राजा असा उल्लेख आला तरी श्रोत्याच्या मनात अखरनाथच हालचाल करीत असतो. कॅमेऱ्याला मात्र चेहरा दिसतो, आणि चेहरा तोच आहे. येथे सगळा भार त्या एका नटाच्या चालण्या-बोलण्यावर, पगडी सावरण्याच्या लकबीवर, सिंहासनावर टेकण्याच्या पद्धतीवर येऊन पडतो. आमच्या चित्रपटसृष्टीने या कोड्याची उकल आरंभापासून नाना परींनी करून पाहिली आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ सालच्या लंकादहनात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या; एकाच देहात दोन व्यक्ती, आणि तेही मूकपटात, जेथे आवाजाची मदत नाही. बाबूराव पेंटर यांच्या १९२१ सालच्या सुरेखाहरणाचा कथाभाग घटोत्कचाच्या मायेचा. त्याच कथेवरच्या १९५७ सालच्या मायाबझार या तेलुगू चित्रपटात नायिकेचे रूप घेतलेला घटोत्कच सावित्रीने असा काही उभा केला की, नाजूक देहातून एकदम राक्षसाचा तोरा आणि दांडगाई डोकावून जाते आणि पुढच्याच क्षणी लाजरी मुलगी परत येते. तिथे यांत्रिक चमत्कृती नाममात्र आहे. चमत्कार आहे तो अभिनयाचा. कदमरावाची भूमिका ज्याला मिळेल त्याने हा प्रसंग दहा वेळा पाहावा. प्रभात कंपनीने कोल्हापुरात असताना, १९३२ साली, मच्छिंद्रनाथ आणि गोरखनाथ यांच्या कथेवर माया मच्छिंद्र काढला, त्यात स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेतल्या दुर्गा खोटे यांच्याजवळ पाळलेला चित्ता होता, हे जुनी मंडळी अजून कौतुकाने सांगतात. पण त्या कथेचे मर्म चित्त्यात नव्हते, सर्व ऐश्वर्य ही गुरूने दाखवलेली माया होती या उलगड्यात होते. हल्ली नेमके उलटे घडते. खर्च चित्त्यावर होतो.

दुसरी अडचण पोपटाची. पोपट बोलतो हे कवितेत गोड वाटते, पडद्यावर ते पोरकट होण्याला वेळ लागत नाही. राजाचाच आवाज पोपटाच्या तोंडी घालावा, तर सिंहासनावरच्या तोतयाचा आवाज कोणाचा? कंठ तर राजाचाच आहे. एखाद्या दिग्दर्शकाने पोपटाला मुळीच बोलू देऊ नये, असे मला वाटते. त्याने किल्ल्यावरून उडताना खालचा दरबार, आपल्याच जागी बसलेला आपलाच देह, आणि त्याच्यापुढे वाकणारी आपलीच माणसे पाहावीत, आणि प्रेक्षकाने ती त्याच्या डोळ्यांनी पाहावीत. टोल्किन यांच्या अंगठीच्या कथेत अंगठी घालणारा अदृश्य झाला एवढे लिहिले की लेखकाचे काम भागते. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ या वर्षांत त्या कथेचे तीन चित्रपट केले तेव्हा अंगठी घालणाऱ्याला जग कसे दिसते, हे त्यांना नव्याने दाखवावे लागले, आणि ते धूसर, वाऱ्याने फाटलेले जग प्रेक्षकांच्या लक्षात राहिले. पुस्तकात जे वाक्य होते त्याचे पडद्यावर स्थळ झाले. कदमरावाच्या पोपटालाही असे स्वतःचे दर्शन मिळाले पाहिजे.

चित्रपटाला जे जड जाते ते संगणकावरच्या खेळाला हात जोडून सामोरे येते. घरोघरची मुले ज्याला नुसते गेम म्हणतात त्या प्रकाराकडे आमच्या पिढीतल्या बऱ्याच शहाण्या माणसांनी तुच्छतेने पाहिले. परंतु त्याचे मूळ सूत्र विचारात घेतले तर परकायाप्रवेश हाच त्याचा धर्म आहे हे कबूल करावे लागते. खेळणारा मुलगा भालकीच्या आपल्या घरात मांडी घालून बसलेला असतो आणि त्याची इच्छाशक्ती पडद्यावरच्या परक्या देहात वावरत असते. निंतेंदो कंपनीच्या २०१७ सालच्या सुपर मारिओ ओडिसी या खेळात तर नायकाची टोपी ज्याच्या डोक्यावर बसेल त्याच्या देहात नायक शिरतो, मग तो बेडूक असो की रणगाडा. आणि जगभरच्या पोरांना त्यात काही समजावून सांगावे लागले नाही. तेव्हा कदमरावाच्या गोष्टीचा खेळ करायचा तर राजाच्या देहात खेळणाऱ्याला घटकाभर सुखाने राज्य करू द्यावे, त्याला चाल, आवाज, अधिकार यांची सवय लावावी, आणि मग एकाएकी तो पोपट व्हावा. ज्या दारातून तो काल हुकूम सोडीत आत शिरला त्या दारावरचा पहारेकरी आज त्याला हुसकून लावतो. चित्रपटात हे दुःख आपण पाहतो. खेळात ते आपल्याच बोटांना जाणवते, कारण कालपर्यंत जी कळ दाबली की दरवाजा उघडत असे ती आज काहीच करीत नाही.

आणि तोतयाला ओळखावे कसे? येथे सीमाभागातल्या माणसाला एक युक्ती सुचल्याशिवाय राहणार नाही. बसवकल्याणच्या किंवा औरादच्या बाजारात उभा राहिलेला मनुष्य कापडाच्या दुकानात मराठी, शेजारच्या किराणा दुकानात कन्नड, आणि टांग्यावाल्याशी दखनी बोलतो, आणि हे बदल करताना त्याला आपण काही केले असे वाटतही नाही. १९५६ साली निजामाच्या जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा मराठवाड्याकडे गेले, एक भाग तेलुगू मुलखाला जोडला गेला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. तरी बोलींनी ती वाटणी पुरती मानलेली नाही. राजाच्या देहात शिरलेल्या परदेशी जोग्याला राजाचा चेहरा मिळेल, परंतु कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे याची उपजत जाण कोठून मिळणार? खेळणाऱ्याने पोपट होऊन दरबार ऐकावा, आणि माळ्याशी कन्नड बोलण्याऐवजी फारसी झाडणारा राजा पकडावा. निजामीच्या काव्यात हे नाही, हे खरे. पण रूपांतर करणाऱ्याने मूळ कथेच्या स्वभावाला धरून स्थानिक मालमसाला घातला तर निजामीचा आत्मा, माझ्या समजुतीप्रमाणे, रागावणार नाही.

गुरुचरित्रातली कथा मात्र खेळापेक्षा चित्रपटालाच अधिक मानवेल. सरस्वती गंगाधरांनी नवव्या अध्यायात जे बीज पेरले आहे ते पन्नासाव्या अध्यायात उगवते, एवढा दीर्घ दम आजच्या पटकथाकारांत क्वचित आढळतो. कुरवपुरी कृष्णेच्या काठी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा परीट नदीत नौकाविहार करणाऱ्या यवन राजाचे वैभव पाहतो आणि क्षणभर त्याचे चित्त चळते. गुरूंना ते कळते, आणि पुढल्या जन्मी बीदरला राजा होशील असा वर मिळतो. पुढे तो राजा झालाही. त्याला पूर्वीचे काही आठवत नाही. मग मांडीवर असह्य फोड उठतो, वैद्य-हकीम थकतात, राजा पापविनाशी तीर्थावर स्नानाला जातो (बीदर शहराला लागून पापनाश नावाचे शिवस्थान आजही आहे), आणि तेथून गाणगापुराचा माग काढीत श्रीपादांचाच पुढचा अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंहसरस्वतींपुढे येऊन उभा राहतो. गुरू त्याला राजा म्हणून संबोधीत नाहीत. इतके दिवस होतास कोठे, अशा अर्थाचे विचारून परीट म्हणून हाक मारतात. त्या एका हाकेसरशी त्याला सर्व आठवते.

या प्रसंगाला संगणकाची आतषबाजी लागत नाही, सैन्य लागत नाही, आकाशातून उतरणारी विमाने लागत नाहीत. नटाचा चेहरा जवळून दाखवावा आणि एक हाक ऐकू यावी. बोलपटाचा शोध जणू अशाच प्रसंगांसाठी लागला. खेळात मात्र येथे उलटाच पेच पडतो. परीट होऊन नदीकाठी कपडे आपटलेला खेळणारा राजा झाल्यावरही आपण परीट होतो हे जाणूनच असतो, त्याला विसर पडावा कसा? कथेचे सगळे बळ विस्मरणात आहे, आणि खेळणाऱ्याची स्मृती तर शाबूत आहे. यावर तोडगा एकच दिसतो, तो म्हणजे खेळ राजापासून सुरू करावा, फोडाच्या वेदनेपासून. आणि परटाचा जन्म शेवटी, त्या हाकेनंतर, उघडावा. म्हणजे ग्रंथकर्त्याने बांधलेला क्रम मोडावा लागेल. पोथीचा क्रम मोडणे हा भाविकांना अपराध वाटेल. रूपांतरकाराला तो करावाच लागतो.

दामाजीपंतांची कथा या दोहोंहून अवघड आहे, आणि म्हणूनच मला तिचे विशेष आकर्षण वाटते. मंगळवेढ्याचा हा बादशाही अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करतो. बीदरहून पकडून आणण्याचे फर्मान सुटते. आणि तो वाटेत असतानाच विठू महार नावाचा एक इसम दरबारात हजर होऊन लहानशा थैलीतून मोहरांचा ढीग ओततो, धान्याची किंमत चुकती करतो, आणि रीतसर पावती घेऊन निघून जातो. ती पावती पुढे दामाजींना आपल्या पोथीत सापडते. आपल्या संतकथांतल्या चमत्कारांत सरकारी पावतीला एवढे महत्त्व दुसरीकडे क्वचितच असेल. देवालाही बहामनी दप्तराची रीत पाळावी लागली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२२ साली दामाजींवर मूकपट काढला होता. मूकपटांच्या काळातले बहुसंख्य चित्रपट काळाच्या उदरात गेले, तेव्हा त्या काळच्या प्रेक्षकाने बीदरच्या दरबारात काय पाहिले याची आपण कल्पनाच करायची. परंतु पौराणिक चित्रपटांची एक वहिवाट ठाऊक आहे: वेष घेतलेला देव प्रसंगाच्या शेवटी मुकुट-कुंडले घालून प्रकाशाच्या झोतात उभा राहतो, आणि प्रेक्षक हात जोडतात. या कथेत ती वहिवाट पाळली तर कथेचा जीवच जातो. अस्पृश्य म्हणून ज्याला वेशीबाहेर ठेवले त्या माणसाच्या रूपाने देव भर दरबारात जोहार करून उभा राहिला, यातच तिचे तेज आहे. तो विठू विठूच राहिला पाहिजे, दारातून बाहेर पडताना फक्त त्याची पाठ दिसली तरी पुरे. मुकुट दाखवणारा दिग्दर्शक जणू असे सुचवतो की महाराच्या वेषातला देव पुरेसा देव नव्हता.

खेळाचा विचार केला तर कोठाराचा प्रसंग जितका अनुकूल तितकाच धोक्याचा आहे. धान्य किती, खाणारी तोंडे किती, पाऊस किती दिवस लांबणार, बीदरचे पथक कधी पोचणार, यांचा मेळ घालीत बसणे ही खेळ रचणाऱ्यांची आवडती सामग्री. वॉर्सामधल्या एका कंपनीने २०१४ साली वेढा पडलेल्या शहरातल्या सामान्य माणसांवर असाच एक खेळ काढला, धिस वॉर ऑफ माइन या नावाचा. त्यात औषध कोणाला द्यावे आणि कोणाला नाकारावे हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते, आणि पोलंडच्या सरकारने २०२० साली त्याचा शाळांच्या शिफारस-यादीत समावेश केला. दामाजींच्या खेळातला धोका असा की, शेवटी विठू येऊन पैसे भरणार हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या औदार्याला किंमत उरत नाही. तो कोठार खुले करील ते जुगारात हमखास जिंकणारा डाव लावावा तसे. दामाजींनी कुलूप काढले तेव्हा त्यांना फक्त बीदरची बेडी दिसत होती. म्हणून या खेळात विठूने कधी यावे आणि कधी येऊ नये, हे खेळणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये, किंबहुना काही डावांत तो येऊच नये. मराठी आईबापांना हे पटेल का, याविषयी मी साशंक आहे.

येथे तो श्रद्धेचा प्रश्न येऊन ठेपतो. कायद्याच्या दृष्टीने महिपती, सरस्वती गंगाधर आणि निजामी यांच्या मूळ रचना कोणाच्याही मालकीच्या नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याचा हक्क चालतो, सबब १९७३ साली वारलेल्या टोल्किन यांचे ग्रंथ २०३३ साल सरेपर्यंत येथे बांधलेले राहतील. आणि पोलंडच्या आंद्रेई सापकोव्स्की यांनी आपल्या विचर कथांवरचा खेळ चालणार नाही अशा समजुतीने हक्क ठोक रकमेला देऊन टाकले व पुढे तो खेळ जगभर गाजल्यावर जादा रकमेची मागणी केली, हा मामला सुप्रसिद्ध आहे. आमच्या पोथ्यांच्या बाबतीत परवानगी मागायला कोणी नाही. मात्र भावनेने मालकी सांगणारे लक्षावधी आहेत. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने तयार केलेला हनुमानाचा खेळ बाजारात आला, तेव्हा देवाला कळ दाबून नाचवणे हे अनुचित होय असा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या चमूने २०२० साली काढलेल्या राजी या खेळात त्यावर सुरेख मार्ग काढलेला दिसतो: खेळणारा होतो एक साधी मुलगी, हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली, दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याविषयी आपसांत बोलत राहतात, त्यांच्या देहाला कोणी हात लावीत नाही. सोळाव्या शतकातल्या पश्चिमयात्रेच्या चिनी कथेवर २०२४ साली आलेल्या ब्लॅक मिथ: वुकाँग या खेळातही खेळणारा मूळ वानरदेव नसतो, त्याच्या मागावर निघालेला दुसराच वानर असतो. तद्वत दामाजींच्या खेळात आपण कोठाराचा कारकून व्हावे, विठू होऊ नये. आणि गुरुचरित्रात राजा व्हावे, गुरू होऊ नये.

त्या चिनी खेळाच्या कर्त्यांनी शान्शी प्रांतातली जुनी देवळे व त्यांतली शिल्पे यंत्राने बारकाईने मोजून आपल्या पडद्यावर उभी केली, आणि खेळ आल्यावर ती देवळे पाहायला प्रवाशांची रीघ लागली. बीदरला असे घडायचे तर एक गोष्ट आधीच बजावली पाहिजे. हल्लीचे अद्भुत चित्रपट सोन्याने मढवलेले असतात. महाल सोन्याचे, रथ सोन्याचे, सूर्यप्रकाशसुद्धा सोन्याचा. बीदरचे सौंदर्य सोन्याचे नाही. रंगीन महालात काळ्या फत्तरात शिंपल्याची नक्षी आहे. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची तार ठोकून बसवतात, आणि मग किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर मिसळून त्या पाण्यात भांडे बुडवले की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी मात्र लखलखीत राहते. अखरनाथाचा दरबार असाच, काळ्यावर पांढऱ्या रेषांचा, काढणारा कलावंत मिळाला तर त्याला दुसऱ्या कोणत्याही देशाच्या अद्भुताची नक्कल करावी लागणार नाही.

आणि देहाच्या आत दुसराच कोणी, ही बीदरची समजूत पोथ्यांपुरती राहिलेली नाही. शहराबाहेर अष्टूर येथे ज्याच्या कारकिर्दीत निजामीने काव्य रचले असे मानतात त्या अहमदशहा वलीची कबर आहे. तिच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातल्या एका गावाहून लिंगायत जंगम आपल्या भक्तांसह येतो, कारण हा सुलतान म्हणजे वीरशैव शरण अल्लमप्रभूच, अशी तिकडच्या लोकांची भावना आहे. अल्लमप्रभूंची शून्यसंपादने या कन्नड ग्रंथातली गोष्टही देहाचीच: गोरखनाथाच्या वज्रदेहावर तलवार मारली तर खणखणाट झाला, आणि अल्लमाच्या देहातून तीच तलवार हवेतून जावी तशी आरपार गेली. मराठी पोथीत परीट, दखनी काव्यात जोगी, कन्नड भक्तांच्या मनात शरण. सुलतानाच्या देहाला स्वतःचे असे घर काही कोणी उरू दिले नाही.

राहता राहिला हस्तलिखितातल्या गहाळ पानांचा प्रश्न. निजामीच्या काव्यात ज्या जागा रिकाम्या आहेत त्या भरायला संपादकाला मुभा नसते. पटकथाकाराला आणि खेळ रचणाऱ्याला ती असते. पैशाचे म्हणाल तर पुण्यातल्या राजीवाल्यांना लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यावरही पुढे जाता आले. बीदर आणि कलबुर्गीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी संगणक शिकून बाहेर पडणारी मुले नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूरची वाट धरतात, त्यांपैकी चौघांना मराठी वाचता येते, चौघांना कन्नड, आणि दोघातिघांच्या घरी आजोबांची उर्दू अजून जिवंत असते. त्यांनी संपूर्ण कदमरावाला हात घालू नये. पोपट झालेला राजा पहिल्या रात्री किल्ल्याच्या तटावर येऊन बसतो, आणि उजाडण्यापूर्वी त्याला पदमरावाचे बीळ शोधायचे आहे, एवढाच अर्ध्या तासाचा खेळ त्यांनी आधी करून पाहावा.